डिकी उघडून आपण नक्की बघतो काय?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी बडोद्यात सिक्युरिटी गार्डांचे वर्ग घेतो. मागच्या महिन्यात शहरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या तेवीस गार्डांचा वर्ग होता. विषय घातपाताचा: बेवारस वस्तू, टेहळणी, धमकीचा फोन, गोळीबार झाला तर काय करायचं. पहिल्याच तासाला माझा ठरलेला प्रश्न टाकला, "गाडी फाटकाशी आली की तुम्ही डिकी उघडायला लावता. आत काय बघता?"

सगळे गप्प. मग मागून दाहोदकडचा एक पोरगा म्हणाला, "साहेब, डिकी."

हशा पिकला, पण प्रामाणिक उत्तर तेवढं एकच होतं. आरशाची दांडी गाडीखाली फिरवणाऱ्याला त्या आरशात काय शोधायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं. गाडीचा खालचा भाग चिखला-तेलाने माखलेला असतो. त्यात एखादीच वस्तू कोरी दिसली, ताजी टेप दिसली, वायर लोंबताना दिसली, तर हात थांबला पाहिजे. डिकी उघडताना सामानाइतकंच ड्रायव्हरकडे बघायचं. गाडीची मागची बाजू वजनाने दबलेली आणि डिकी मात्र रिकामी, असं असेल तर विचारायचं. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणी दिलेली नसतात.

कागदावर सगळं आहे. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. त्याखालच्या नमुना नियमांत १०० तास वर्ग, ६० तास प्रत्यक्ष काम, किमान २० दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना वर्ग ४० तास, प्रत्यक्ष काम १६ तास. विषयांच्या यादीत स्फोटक वस्तू ओळखणं आहे, गर्दी आवरणं आहे, प्रथमोपचार आहे. पूर्ण प्रशिक्षण झालेल्यांनी हात वर करा म्हटलं, तर चार हात आले.

दुसऱ्या दिवशी, फक्त प्रशासनाला कल्पना देऊन, ओपीडीच्या लिफ्टजवळ आग विझवायच्या लाल सिलिंडरमागे काळ्या पिशवीत स्टीलचा डबा ठेवला आणि समोर पेपर वाचत बसलो. एकविसाव्या मिनिटाला सफाईच्या बाईंनी पिशवी उचलली, खालची फरशी पुसली, पिशवी परत जागच्या जागी ठेवली. पस्तिसाव्या मिनिटाला गार्डाचं लक्ष गेलं. त्याने पिशवी उचलली, कानाशी नेऊन हलवली (हो, हलवली!), डबा उघडला, झाकण लावलं आणि नेऊन रिसेप्शनवर ठेवला. तिथे साठेक माणसं बसली होती. मला म्हणतो, "कोणाचा तरी डबा राहिलाय बिचाऱ्याचा."

रागवायचं कसं? कुणाची वस्तू सापडली तर नीट उचलून द्यावी, हे त्याला आईने शिकवलेलं आहे. ते विसरायला लावणं हेच आमचं काम, आणि ते जड जातं.

अहमदाबाद आठवा. २६ जुलै २००८, शनिवारची संध्याकाळ. साधारण सत्तर मिनिटांत वीसेक स्फोट, ५६ मृत्यू. बरेच बॉम्ब सायकलींना लावलेल्या डब्यांत होते. सायकल आणि डबा, म्हणजे आपल्या शहरात ज्यावर कुणाची नजर ठरत नाही अशा दोन गोष्टी.

तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, मंडळात काय परिस्थिती आहे? लिहा.

---

मांजलपूरची_माई

काका, वाचून अंगावर काटा आला आणि हसूही आलं. आमच्या सोसायटीचा वॉचमन पाण्याची मोटर चालू करतो, कुरिअर घेतो, ब-विंगच्या आजींची भाजी आणतो, रात्री दोन कुत्री हाकलतो. बारा तासांची ड्यूटी, बसायला मोडकी खुर्ची. त्याला आता गाडीची मागची बाजू दबली का तेही बघायला लावायचं? आधी पंखा द्या त्याला केबिनमध्ये.

---

माजी_सुभेदार

माईंशी सहमत. झोपलेला संत्री ही संत्र्यापेक्षा ड्यूटी लावणाऱ्याची चूक.

आता डब्याबद्दल. ब्रिटनमध्ये गार्डांना बेवारस वस्तूसाठी तीन प्रश्न शिकवतात. वस्तू मुद्दाम लपवलेली आहे का? तारा, टेप, बॅटरी, वास, असं उघड खटकणारं काही आहे का? आणि त्या जागी अशी वस्तू एरवी असते का? विसरलेल्या सामानापैकी बहुतेक या चाळणीतून निघून जातं, म्हणजे दर पिशवीमागे धावाधाव होत नाही.

संशय उरलाच तर हात लावायचा नाही, हलवायचं नाही, पाणी ओतायचं नाही. वॉकीटॉकी आणि मोबाईल पंधरा मीटरच्या आत वापरायचा नाही. अंतरं तिथली अशी: हातातली पिशवी किंवा ब्रीफकेस असेल तर १०० मीटर, मोठी बॅग किंवा लहान गाडी असेल तर २००, ट्रक किंवा मोठी व्हॅन असेल तर ४००. आणि नुसतं लांब जाऊन भागत नाही, मध्ये पक्की भिंत हवी. वस्तू दिसते आहे म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. काचेच्या दर्शनी भिंतीमागे उभं राहणं सगळ्यात वाईट.

---

रावपुऱ्याचा_राघू

सुभेदारसाहेब, १०० मीटर म्हणजे आमच्या पोळात (जुन्या शहरातली दाट वस्ती) चार गल्ल्या पलीकडे. मांडवीला हे कसं जमायचं? १०० मीटर मोकळी जागा तिथे गायकवाडांनंतर कुणी पाहिलेली नाही.

---

माजी_सुभेदार

राघू, म्हणूनच भिंत म्हटलं. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि गल्लीचं वळण तुमच्या बाजूने आहे. वळण ओलांडलं की बरंच साधलं. लोकांना सरळ रेषेत पळू देऊ नका, कोपऱ्याआड न्या.

---

परिचारिका_२

मी एका रुग्णालयात ट्रॉमाला आहे (काकांनी लिहिलेलं ते नव्हे, पण फरक फार नसावा).

अहमदाबादचा विषय निघालाच आहे तर सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. त्या दिवशी जखमींना सिव्हिल हॉस्पिटलला आणि एल. जी. हॉस्पिटलला आणत असताना तिथेही स्फोट झाले. नातेवाईक, रक्त द्यायला आलेली मुलं, डॉक्टर, सगळे पोर्चमध्ये जमलेले असताना. पहिल्या स्फोटांनी लोक कुठे गोळा होतील याचा हिशेब आधीच केलेला होता.

म्हणून आमच्याकडे मी भांडून एक नियम करून घेतला. बाहेर मोठी दुर्घटना कळली की पोर्चच्या आसपासच्या सगळ्या गाड्या आधी हलवायच्या, मालक सापडत नसेल ती गाडी पोलिसांना कळवायची आणि ॲम्ब्युलन्स दुसऱ्या फाटकातून घ्यायची. पहिल्या मॉक ड्रिलला गार्डने पोर्चमधल्या एका मोटारीबद्दल विचारलं, "आ कोनी गाडी छे?" उत्तर आलं, "मोटा साहेबनी." संपलं. मोटा साहेबनी गाडी तिथेच राहिली आणि ड्रिल तिच्याभोवतीने झालं.

अजून एक. गार्डना रक्तस्राव थांबवायला शिकवा. जखमेवर घट्ट दाब, हातापायाला जखमेच्या वरच्या बाजूला आवळपट्टी, बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची पहिली काही मिनिटं त्यांच्याच हातात असतात.

---

दांडियाबाजारकर

ताई, हे माझ्या टिपणात नव्हतं, घातलं. यालाच जोडून: आग लागली तर जमायची जागा बहुतेक ठिकाणी पार्किंगलगत असते. बॉम्बची अफवा आली की तेवीसशे माणसं आपण शेकडो न तपासलेल्या गाड्यांच्या मध्ये नेऊन उभी करतो. दोन्हीसाठी जागा वेगळ्या हव्यात, आणि माणसं नेण्याआधी तिथे एक गार्ड फिरून आलेला हवा.

मोटा साहेबनी गाडीबद्दल काय बोलू? माझ्या सगळ्या वर्गांत गार्डना बॉम्बपेक्षा तिचीच भीती जास्त.

---

गॅलरीतून

कोणी बोलणार नाही म्हणून मी बोलतो. 'संशयास्पद माणूस' म्हणजे व्यवहारात काय होतं? दाढी, टोपी, बुरखा. माझे एक मुस्लिम डॉक्टर स्नेही तांदळजाला राहतात. शहरातल्या एका मॉलमध्ये आम्ही दोघं गेलो की माझी बॅग हातातल्या मेटल डिटेक्टरने एकदा टुक होते, त्यांची पूर्ण उघडली जाते. ते हसून सोडून देतात, मला लाज वाटते. दहशतवाद-जागरूकतेच्या नावाखाली हेच वाढणार असेल तर नको ते वर्ग.

---

तरसाळीकर

अहो पण सावध राहण्यात वाईट काय? मग कुणालाच विचारायचं नाही का?

---

दांडियाबाजारकर

गॅलरीतून, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि ते नुसतं माणुसकीचं नाही, धंद्याचंही आहे. कपड्यांकडे बघणाऱ्या गार्डचं कृतीवरचं लक्ष उडतं. ज्याला खरंच काही करायचं आहे तो तुमच्या अपेक्षेतले कपडे घालून येणारच नाही.

बघायचं ते असं: कॅमेरे कुठे आहेत याचे फोटो काढणारा. गार्डची पाळी किती वाजता बदलते हे गप्पांत विचारणारा. काम काय ते सांगता येत नाही, पण दोन-तीनदा येऊन गेलेला. गार्ड दिसला की रस्ता बदलणारा. उकाड्यात जाड जाकीट घातलेला. यातलं एकेक निरुपद्रवी असू शकतं, म्हणून पकडायचं नाही, बोलायचं. "केम छो भाई, कोने मळवुं छे?" (कुणाला भेटायचंय?) खरा पाहुणा खूश होतो, टेहळणीला आलेल्याला मात्र आपण दिसलो हे कळतं. आणि हा प्रश्न सगळ्यांना विचारला की कुणाचा अपमान होत नाही.

दोन उदाहरणं वर्गात नेहमी देतो. पॅरिस, १३ नोव्हेंबर २०१५, स्टाद द फ्रान्सची फुटबॉल मॅच. तिकिटाशिवाय आत घुसू पाहणाऱ्या एका पोराला सलीम तूराबली या गार्डने परत पाठवलं. त्या रात्री स्टेडियमबाहेर स्फोट घडवणाऱ्यांपैकी तो एक होता. सलीमला बॉम्बचा पत्ताही नव्हता. तिकीट नाही म्हणजे आत नाही, एवढंच काम त्याने नीट केलं. नावावरून ज्याला तुमच्या मॉलच्या गार्डने बाजूला घेतलं असतं, त्याने स्टेडियम वाचवलं.

दुसरं मँचेस्टर, २२ मे २०१७. गाण्यांचा कार्यक्रम संपताना स्फोट, २२ मृत्यू. पुढे चौकशी झाली, तिचा पहिला खंड २०२१ मध्ये आला. एका पालकाने पाठीवर मोठी बॅग घेऊन बसलेल्या माणसाबद्दल आधीच सांगितलं होतं. अठरा वर्षांच्या एका गार्डला स्वतःलाही काहीतरी खटकलं होतं. पण आपण वंशभेदी ठरू अशी त्याला भीती वाटली, रेडिओवर कंट्रोल रूम लागेना, आणि मग तो दुसऱ्या जागी गेला. 'भेदभाव नको म्हणून गप्प बसावं लागतं' असं सांगायला काही लोक हे उदाहरण वापरतात. मला त्यातून उलटं दिसतं. त्या पोराला 'काय बघितलंस ते सांग' असं शिकवलं असतं, तर 'मोठी बॅग, लोक बाहेर पडायच्या दारापाशी बराच वेळ बसलाय, उत्तर उडवतोय' एवढं त्याने सांगितलं असतं. त्यात वंश येतोच कुठे? आणि सांगायला रेडिओ लागला असता तर.

---

वकील_बडोदे

कायद्याचं थोडक्यात, कारण गार्डना इथे फसवलं जातं.

गार्डला जबरदस्तीने झडती घेण्याचा अधिकार नाही. संमतीने तपासू शकतो, संमती नसेल तर आत सोडायला नाही म्हणू शकतो. बाईची तपासणी बाई गार्डच करणार, आडोशाला. डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा घडला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४० खाली कुणीही नागरिक त्या माणसाला धरू शकतो, गार्डही. पण विनाकारण वेळ न काढता, सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचं. जुन्या कायद्यात ही सहा तासांची मर्यादा लिहिलेली नव्हती. 'केबिनमध्ये बसवून दोन ठेवून दिल्या' हा प्रकार तुम्हालाच आत घालेल.

---

सुरसागर_काठी

आमच्या गणपती मंडळाची गोष्ट. स्वयंसेवक चाळीस, सगळे विशी-बाविशीचे. बॉम्ब लांब राहिला, मला भीती आरोळीची आहे. कुणी 'भागो' म्हटलं की त्या गल्लीत चेंगराचेंगरीच होणार. यावर काही आहे का?

---

दांडियाबाजारकर

आहे, आणि ते मराठी माणसानेच करून दाखवलंय. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून लोकांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिले. हातात माईक, एवढंच हत्यार. किती जीव वाचले याचा हिशेब कोण करणार!

तुमच्या मंडळाने घोषणा आधीच लिहून ठेवावी, गुजराती, हिंदी, मराठी तिन्हींत. 'बॉम्ब', 'पळा' हे शब्द नकोत. "कार्यक्रम थोडा वेळ थांबवत आहोत, कृपया उजव्या बाजूच्या फाटकाने सावकाश बाहेर चला," एवढं पुरे. बोलणारा आवाज रोजचाच हवा, आरती सांगणारा. ढोल लगेच बंद करायचे. स्वयंसेवकांसाठी सांकेतिक वाक्य वेगळं ठरवा. आणि फाटक दोन्ही बाजूंनी उघडं ठेवा हो, अर्धं फाटक देणगीच्या टेबलाने अडवू नका. (दरवर्षी अडवलेलं असतं, मी बघतो.)

हत्यारबंद हल्ला असेल तर मात्र गणित वेगळं. दंडुकेवाल्याने बंदुकीपुढे जायचं नाही. २४ सप्टेंबर २००२ ला गांधीनगरच्या अक्षरधामवर दोघांनी हल्ला केला, तीसहून जास्त माणसं गेली. पण मुख्य मंदिराचं दार वेळेत बंद केल्यामुळे आतले भाविक वाचले. दार लावणं ही लढाईच आहे. तुमच्या इमारतीचं दार आतून लागतं का, किल्ली कुणाकडे असते, हे आज रात्रीच बघा. आमच्या त्या रुग्णालयात ओपीडीच्या दाराची किल्ली हिशेब विभागाच्या कपाटात निघाली.

---

शाळामास्तर

शाळांना धमकीचे ई-मेल येणं आता नेहमीचं झालंय. आपल्या शहरातही झालं. दर वेळी अफवाच निघते, म्हणून आमचे ट्रस्टी म्हणतात, दुर्लक्ष करा. फोन आला तर फाटकावरच्या माणसाने काय करायचं?

---

माजी_सुभेदार

अफवा आहे हे ठरवणं शाळेचं काम नाही, पोलिसांचं आणि बॉम्बशोधक पथकाचं. ११२ लावायचा, मेल पुसायचा नाही, पुढे पाठवत बसायचं नाही.

फोन असेल तर आपण ठेवायचा नाही, बोलतं ठेवायचं. कुठे आहे, कधी फुटणार, दिसतो कसा, का ठेवला, हे विचारायचं. शब्द जसेच्या तसे लिहायचे, बोलीसकट. मागे गाड्यांचा आवाज, अजान, घंटा, टीव्ही, जे ऐकू येईल ते. वेळ लिहायची. फोनजवळ हे प्रश्न छापून चिकटवा, ऐन वेळी कुणाला काही आठवत नाही. आणि शोधाशोध करताना त्या त्या वर्गाच्या शिक्षकाला सोबत घ्या, कारण वर्गात नवीन काय आलंय हे पथकाच्या आधी त्यालाच कळतं.

---

तरसाळीकर

एक शंका. हे सगळं असं उघड लिहिणं धोक्याचं नाही का? वाचणारे सगळेच सज्जन नसतात.

---

दांडियाबाजारकर

रास्त शंका. इथे लिहिलंय ते बचावाचं, आणि बहुतेक सरकारी पत्रकांत छापलेलं. कुठल्या इमारतीत काय कच्चं आहे ते मी नावानिशी लिहिलेलं नाही, तुम्हीही लिहू नका. राघू, तुझ्या पोळाचा नकाशा इथे टाकू नकोस बाबा, मला व्यक्तिगत निरोपातून पाठव.

---

दांडियाबाजारकर (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. काल त्याच रुग्णालयात पुन्हा डबा ठेवला. तीच पिशवी, या वेळी जिन्याखाली व्हीलचेअरच्या मागे.

नवव्या मिनिटाला सफाईच्या त्याच बाई आल्या. पोछा थांबला. पिशवीकडे बघितलं, हात मागे घेतला आणि सरळ फाटकावर गेल्या. वर्गाला त्या नव्हत्याच. गार्डांनी जेवताना त्यांना तीन प्रश्न सांगितले होते म्हणे. गार्ड आला, दाहोदचा तोच डिकीवाला. पिशवीला हात न लावता आजूबाजूच्यांना मोठ्याने विचारलं, कुणी पुढे आलं नाही. जिना दोन्हीकडून अडवला, लोकांना भिंतीच्या वळणाआड नेलं, स्वतः लांब जाऊन इंटरकॉमवरून कंट्रोल रूमला फोन लावला. मी मनात टाळ्या वाजवत होतो.

फोन वाजत राहिला. ऑपरेटर जेवायला गेला होता.

दरम्यान एक सुपरवायझर आले आणि जिना कुणाच्या परवानगीने अडवला म्हणून त्यालाच झापायला लागले. शेवटी मी उठलो आणि डबा माझा आहे म्हणून सांगितलं. रजिस्टरमध्ये त्याने मोडक्या गुजरातीत केलेली नोंद मी फोटो काढून प्रशासनाला पाठवली. मराठीत अशी: "१२.४० जिन्याखाली काळी पिशवी. हात लावला नाही. १२.४३ कंट्रोलला फोन, कोणी उचलला नाही. १२.४५ परत फोन, कोणी उचलला नाही. १२.४६ साहेब ओरडले."

सोमवारी बैठक आहे. नोंदीची प्रिंट नेतोय, चार प्रती.

---

मांजलपूरची_माई

बाईंचं नाव त्या बैठकीत घ्या हो काका, गार्डच्याही आधी. आणि पंख्याचं विसरू नका.

---

परिचारिका_२

सुपरवायझरलाच पुढच्या वर्गात पहिल्या बाकावर बसवा.

---

रावपुऱ्याचा_राघू

डब्यात काय होतं पण?

---

दांडियाबाजारकर

थालीपीठ. दोन्ही वेळा. पहिल्या वेळचं रिसेप्शनवर कुणीतरी खाऊन टाकलं.